दोन मापांची जीप

माझ्या महिंद्रा ५४० जीपच्या सीटखाली पान्यांच्या दोन पिशव्या असतात. एका पिशवीत १०, १३, १७, १९ असे मिलिमीटरच्या मापाचे पाने. दुसरीत ७/१६, १/२, ९/१६ असे इंची. इंजिनाला हात घालायचा तर पहिली पिशवी काढायची; गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल किंवा पाटे उघडायचे तर दुसरी. एकाच गाडीला दोन मापं कशाला, असं शेजारचा मुलगा विचारतो तेव्हा मी त्याला आधी जीपचा इतिहास सांगतो, कारण तो कळल्याशिवाय ही गाडी दुरुस्त करता येत नाही.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीपचे सुटे भाग जहाजातून यायचे आणि इथे जोडले जायचे. पुढे या गाड्या परवान्याखाली इथेच बनू लागल्या. उंच बॉनेटची सीजे-३बी आपल्याकडे इतकी रुळली की गावोगाव 'जीप' म्हटलं की तिचंच नाक डोळ्यांपुढे यायचं. तिची चेसिस, गिअरबॉक्स, पुढचा-मागचा अ‍ॅक्सल, सगळं अमेरिकी, म्हणून इंची. इंजिन होतं हरिकेन नावाचं पेट्रोलचं, ताकदवान आणि खादाड. पेट्रोल महाग होत गेलं तसं ते परवडेना. मग फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं डिझेल इंजिन आलं, आणि ते बनू लागलं आपल्या इगतपुरीत. त्याचं नाव एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक ८३ मिलिमीटर. हिशेब केला की २११२ सीसी येतात. ताकद ६२ अश्वशक्ती. याच घराण्याचं २११२ सीसी इंजिन प्यूजोच्या ५०४ डिझेल मोटारीतही होतं, आणि या ५०४ने पश्चिम आफ्रिकेच्या मातीच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं माणसं वाहिली. थोडक्यात, सांगाडा अमेरिकेचा, इंजिन फ्रान्सचं, आणि कसारा घाटाच्या माथ्यावरच्या गावात ओतलेलं, घडवलेलं. म्हणून दोन पिशव्या.

ही नुसती गंमत नाही. इंची मापाचा ५/१६ बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाडीचा असतो, मेट्रिक ८चा बरोबर ८. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण आट्यांमधलं अंतर वेगळं. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या भोकात दोन फेरे हाताने जातो, तिसऱ्याला अडतो. इथे जो माणूस पाना लावून रेटतो त्याने आटे घालवलेच म्हणून समजा. आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं असल्यामुळे तिथे आटे गेले की लेथवाल्याकडे जाऊन नवी बुश बसवावी लागते. माझा नियम साधा आहे: कुठलाही बोल्ट पहिले चार-पाच फेरे बोटांनीच फिरवायचा. बोटांना जड गेला तर तो बोल्ट तिथला नाही.

आता इंजिनाकडे येऊ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा वीसपटीहून जास्त दाबतो आणि त्या दाबानेच ती ५०० अंशांच्या वर तापते. सायकलचा पंप मारताना त्याचं टोक गरम लागतं ना, तेच इथे फार मोठ्या प्रमाणावर घडतं. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा सुटतो आणि आपोआप पेटतो. एक्सडीपीमध्ये हा फवारा थेट पिस्टनवर न पडता हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात पडतो. थंडीत त्या कप्प्याच्या भिंती उष्णता शोषून घेतात, म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो आणि सकाळी सेल्फ मारण्याआधी किल्ली काही सेकंद हीटरवर धरावी लागते.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी. या इंजिनाला चालायला तीनच गोष्टी लागतात: पुरेसा दाब, मोकळी हवा आणि वेळेवर मिळणारं, हवेचा बुडबुडा नसलेलं डिझेल. यात संगणक नाही, सेन्सर नाही. सुरू होत नसेल तर या तिन्हींपैकी एक कमी पडतंय. आणि माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा, की कमी पडणारी गोष्ट बहुतेक वेळा तिसरी असते, पण गॅरेजमध्ये उघडली जाते ती पहिली.

माझ्याच जीपचं सांगतो. एका हिवाळ्यात ती सकाळी सुरू होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची, मग उतारावर धक्का. एकदा सुरू झाली की दिवसभर काही तक्रार नाही. ज्या गॅरेजमध्ये नेली तिथे पाच मिनिटांत निकाल लागला: "कॉम्प्रेशन गेलंय, रिंगा बदलाव्या लागतील, हाफ इंजिनचं काम आहे." दाब मोजला नव्हता. हेड उतरलं, रिंगा, बेअरिंग, पॅकिंग सगळं नवं पडलं, तीन आठवडे गाडी तिथे राहिली. घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

मग घोटीकडच्या एका वयस्कर मिस्तरींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनाला हातसुद्धा लावला नाही. टाकीकडून फिल्टरकडे येणारा रबरी पाइप काढला आणि त्याच्या जागी हातभर पारदर्शक नळी लावली. "भाऊ, रात्रभर राहू द्या. सकाळी मी आल्याशिवाय सेल्फ मारू नका." सकाळी नळीत पाहिलं तर अर्ध्याहून जास्त नळी रिकामी. सेल्फ मारला तशी बुडबुड्यांची माळच्या माळ फिल्टरकडे सरकताना दिसली. "इंजिनाने एअर घेतलीय. डिझेल रात्री टाकीत परत जातं, मग सकाळी पंपाला काय मिळणार?"

पण डिझेल कुठे गळत नव्हतं, डाग नव्हता, वास नव्हता, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर त्यांनी जे समजावलं ते मी कधी विसरलो नाही. टाकीपासून पंपापर्यंतचा भाग ही ओढणारी बाजू. तिथे भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंपापासून नोझलपर्यंतची बाजू ढकलणारी. तिथे भोक पडलं तर डिझेल बाहेर येतं आणि दिसतं. म्हणून जी गळती दिसत नाही तीच सकाळी गाडी बंद पाडते.

दोष निघाला फिल्टरच्या डोक्यावरच्या बोल्टखाली, तांब्याच्या दोन वायसरमध्ये. त्या इतक्या वेळा आवळल्या गेल्या होत्या की कडक होऊन त्यांवर चर पडले होते. मिस्तरींनी त्या तारेत अडकवून गॅसच्या ज्योतीवर लाल होईस्तोवर तापवल्या आणि पाण्याच्या डब्यात टाकल्या. चर्र आवाज झाला, काळी खपली गळून पडली आणि खाली गुलाबीसर स्वच्छ तांबं दिसलं. पोलाद असं लाल करून पाण्यात बुडवलं तर कडक होतं; तांब्याचं उलट, ते तापवलं की मऊ पडतं, आणि पाण्यात टाकलं म्हणून पुन्हा कडक होत नाही. ठोकून, दाबून ते कडक होतं. पुण्याच्या तांबट आळीत हंडे ठोकणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत: ठोका, कडक झालं की भट्टीत घाला, मऊ करा, पुन्हा ठोका. मऊ झालेल्या वायसर सपाट दगडावर घासून बसवल्या. जीप दुसऱ्या दिवशी पहिल्या सेल्फला सुरू झाली. जी दुरुस्ती हेड न उतरवता झाली असती तिच्यासाठी माझं इंजिन उघडलं गेलं होतं.

तेव्हापासून मी एक क्रम ठरवला आहे आणि जुनी डिझेल गाडी असलेल्या प्रत्येकाला तोच सांगतो. सुरू होत नसेल तर आधी बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थची पट्टी पाहा. इंजिनापासून चेसिसला जाणारी ही विणलेली पट्टी गंजते आणि चांगल्या बॅटरीवरही सेल्फ मेल्यासारखा फिरतो. मग हीटर प्लग पाहा. त्यांना जोडणारी पट्टी काढायची, बॅटरीच्या प्लसपासून टेस्ट दिव्याची तार एकेका प्लगच्या डोक्याला टेकवायची. दिवा लागत नाही तो प्लग मेला. मग डिझेलची लाइन, फिल्टर, एअर. हे सगळं झाल्यावर कॉम्प्रेशन, आणि तेही गेज लावून, अंदाजाने नाही. मीटर हातात न घेता जो हेड उतरवायला सांगतो त्याच्याकडे गाडी सोडू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

एअर काढणं प्रत्येक मालकाला यायलाच हवं, कारण डिझेल संपलं किंवा फिल्टर बदलला की ते करावंच लागतं, आणि डिझेल नेहमी घाटातच संपतं. फिल्टरवरचा एअरचा बोल्ट दोन फेरे सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचा. आधी फेस येतो, मग फेसाळ डिझेल, मग एकसंध धार. धार एकसंध झाली की पंप दाबलेला ठेवूनच बोल्ट आवळायचा. आधी पंप सोडला तर पुन्हा हवा शिरते. त्यानंतर गरज पडली तर नोझलवरचे पाइपचे नट सैल करून सेल्फ मारायचा आणि तिथून डिझेल थेंबाथेंबाने उडायला लागलं की आवळायचे.

याच नटांचा आणखी एक उपयोग आहे. इंजिन चालताना धडधडत असेल, एखादा सिलिंडर मार खात असेल, तर एकेक नट क्षणभर सैल करून ऐकायचं. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन लगेच दबतं. ज्याचा नट सैल केला तरी आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. एवढ्या एका परीक्षेने चार नोझलांऐवजी एकच पंपवाल्याकडे न्यावी लागते. पण इथे एक इशारा गांभीर्याने लक्षात ठेवा. नोझलमधून सुटणाऱ्या डिझेलचा दाब १०० बारच्या वर असतो, म्हणजे जीपच्या चाकातल्या हवेच्या पन्नासपट. फवाऱ्यासमोर बोट गेलं तर डिझेल कातडी भेदून आत घुसतं. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आतून बोट सडू लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांना 'डिझेल आत गेलंय' हे शब्द सांगायचे. गळणारा पाइप बोटाने चाचपायचा नाही, पुठ्ठा धरून पाहायचा.

धूर वाचता आला की निम्मं निदान झालं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी: एअर फिल्टर तुंबलेला, नोझल फवारा न मारता पिचकारी मारतेय, किंवा कोणीतरी पिकअप वाढवायला पंपाचा स्क्रू पिळलाय. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, रिंगा किंवा वॉल्व्हची सीलं गेली. पांढरा धूर दोन प्रकारचा. डोळ्यांना झोंबणारा, डिझेलच्या वासाचा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय. सकाळी मिनिटभर असेल तर चिंता नाही. वासाला गोडसर, वाफेसारखा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा असेल तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय. डिपस्टिक काढून पाहा, ऑइल दुधाळ चहाच्या रंगाचं झालं असेल तर गाडी तिथेच बंद करा. ऑइल नुसतं काळं दिसलं तर मात्र घाबरू नये. डिझेल इंजिनाचं ऑइल बदलल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये काळं होतंच, काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम.

सिलिंडरमध्ये पाणी जाण्याचं मूळ बहुतेक वेळा रेडिएटरमध्ये असतं. एक्सडीपीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापलं की अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं, आणि एकदा पार उकळेपर्यंत तापलं की हेड वाकतं, पॅकिंग फुटतं. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचं पाणी ओततात. दख्खनच्या बोअरच्या पाण्यात चुना किती असतो ते गिझरच्या कॉइलवर बसलेल्या पांढऱ्या थराकडे पाहिलं की कळतं. तसाच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडच्या पोटात बसतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट याला पर्याय नाही. दोन वर्षांनी एकदा बदललं तरी खर्च नव्या पॅकिंगच्या मजुरीपेक्षा कमी येतो. रेडिएटरचं झाकणही बघा. त्याच्या स्प्रिंगने आत दाब राहतो आणि पाणी शंभर अंशांच्या वर जाईपर्यंत उकळत नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. झाकणाची स्प्रिंग मेलेली असेल तर घाट चढून गेल्यावर जीपचंही तेच होणार.

आणि कृपा करून थर्मोस्टॅट काढू नका. "घाटात तापते ना, काढून टाका" हा सल्ला मी किमान दहा ठिकाणी ऐकला आहे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन कायम थंड राहतं. थंड भिंतीवर डिझेल नीट जळत नाही, लायनरवरचं ऑइल धुतलं जातं, रिंगा झिजतात आणि अ‍ॅव्हरेज पडतं. गाडी तापत असेल तर दोष दुसरीकडे आहे, तो शोधायचा.

आता फोर बाय फोर. जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे असतात. एक पुढचा अ‍ॅक्सल जोडतो, दुसरा 'लो' टाकतो. लोमध्ये ट्रान्सफर केस वेग साधारण अडीचपट कमी करते आणि चाकाची ओढ तेवढीच वाढवते. पहिल्या गिअरात लो टाकली की जीप माणसाच्या चालीने चालते आणि चिखलातून भरलेली ट्रॉलीही ओढून काढते. पण हा पुढचा अ‍ॅक्सल डांबरी रस्त्यावर कधीही जोडू नये. वळताना चारही चाकं चार वेगळ्या वर्तुळांवरून जातात आणि पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये हा फरक सोडवणारं काही नाही, दोन्ही एकमेकांना बांधलेले. चिखलात चाक थोडं घसरतं आणि फरक मिटतो. डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरांत साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, दांडा निघेनासा होतो. असं झालं तर दांड्यावर लाथा मारायच्या नाहीत. सरळ दहा-पंधरा फूट रिव्हर्स घ्यायची, पीळ सुटतो आणि दांडा हलक्या हाताने येतो. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले असावेत, तेही याच कारणासाठी.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस पाठीला पाठ लावून बसलेल्या. मधलं सील गेलं की एकीतलं ऑइल दुसरीत जातं. एकीची पातळी कमी आणि दुसरी तोंडापर्यंत भरलेली दिसली तर ऑइल कुठे सांडलं म्हणून जमिनीवर शोधू नका. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ प्रतीचं ९० ऑइल घालावं. जीएल-५ अ‍ॅक्सलला उत्तम, पण त्यातली गंधकयुक्त रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना खातात. दुकानदार 'एकच आहे सगळं' म्हणतो. डब्यावर वाचून घ्या.

पावसाळ्यात कोकणात आणि मावळात जीपचं खरं नुकसान होतं ते ओढ्यात, आणि ते दिसतं दिवाळीनंतर. तासभर चालून अ‍ॅक्सलचं हाउसिंग चांगलं गरम झालेलं असतं. ते एकदम गार पाण्यात बुडतं. आतली हवा आकसते, आत ओढ निर्माण होते. चाकाजवळचं ऑइल सील हे आतलं ऑइल बाहेर जाऊ नये म्हणून बनवलेलं. बाहेरचं पाणी आत यायला त्याचा फारसा विरोध नसतो. म्हणून प्रत्येक अ‍ॅक्सलवर ब्रीदर नावाची सुपारीएवढी टोपी असते, आकसणाऱ्या हवेला मोकळी वाट द्यायला. ती चिखलाने बुजलेली असली की पाणी सीलमधूनच शिरतं, ऑइल पांढरं होतं, आणि काही महिन्यांनी बेअरिंग किरकिरायला लागतं. माझ्या जीपला मी दोन्ही ब्रीदरांना रबरी नळी लावून ती बॉनेटच्या उंचीपर्यंत वर नेली आहे. ओढा ओलांडल्यावर गाडी एक रात्र स्वस्थ उभी करायची आणि सकाळी अ‍ॅक्सलचा खालचा ड्रेन बोल्ट जरासा सैल करायचा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि आधी येतं. थेंब ऑइलचाच आला तर बोल्ट आवळायचा आणि निश्चिंत व्हायचं.

ओढ्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारण्याचा मोह आवरा. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी हलत नाही, मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून काठावर घ्या, चारही हीटर प्लग काढा, मग सेल्फ मारा. पाणी असेल तर भोकातून कारंज्यासारखं उडेल आणि इंजिन वाचेल.

ग्रीसगनबद्दल लिहिलं नाही तर हा लेख अपुरा राहील. शॅकल, टायरॉड, शाफ्टचे क्रॉस, क्लचचा पेडल, प्रत्येकाला निपल असतो आणि दर हजार-दीड हजार किलोमीटरला तिथे ग्रीस हवं. निपल आधी फडक्याने पुसा, नाहीतर वरची माती ग्रीसबरोबर आत जाते आणि ती कानशीसारखी काम करते. नवं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत मारायचं, म्हणजे जुनं मातीचं ग्रीस बाहेर ढकललं जातं. क्रॉसमध्ये ग्रीस संपलं की गाडी सोडताना-घेताना खालून 'टक्' असा आवाज येतो. ती सूचना असते. ती ऐकली नाही तर एके दिवशी शाफ्ट रस्त्यावर पडतो. पन्नास-साठच्या वेगाला पुढची चाकं थरथरायला लागली आणि स्टिअरिंग हातात नाचायला लागलं तर बॅलन्सिंगवाल्याकडे जाण्याआधी पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर किंगपिनची बेअरिंग सैल आहे. पातळ शीम काढून ती पुन्हा घट्ट करता येते.

डिझेल आता पूर्वीचं राहिलेलं नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं, त्यात गंधक दहा लाख भागांत फक्त १० भाग. हवेसाठी हे फार चांगलं झालं. जुन्या पंपांना मात्र एक जुळवणी करावी लागली. नव्या डिझेलमध्ये जुनी रबरी सीलं आकसतात, म्हणून वर्षानुवर्षं कोरडा असलेला पंप अचानक पाझरू लागतो. पंप गेला असं समजून नवा घेऊ नका, पंपवाल्याकडून नव्या रबराची सीलं टाकून घ्या. डिझेलमध्येच वंगण मिसळलेलं असतं, त्यामुळे वरून काही घालायची गरज नाही. रॉकेल तर अजिबात नको. रोटरी पंपाचे आतले भाग डिझेलवरच वंगण घेतात. पातळ रॉकेलने ते खरवडले जातात.

सुट्या भागांची चिंता अजून तरी नाही. कुर्ल्याच्या बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि नाशिकच्या दुकानांत या जीपचं बहुतेक सामान मिळतं. मात्र बेअरिंग, सील आणि ब्रेकचे रबर वापरलेले घेऊ नयेत, मग ते कितीही स्वस्त असोत. हाउसिंग, शाफ्ट, गिअर वापरलेले चालतात, दात नखाने तपासून घ्या.

एक गोष्ट या गाडीच्या प्रेमापोटी झाकून ठेवण्यासारखी नाही. जुन्या डिझेलचा धूर फुफ्फुसांना वाईट असतो, आणि काळा धूर ओकत जाणारी जीप मागच्या दुचाकीवरच्या मुलाच्या नाकात तो घालत असते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी पासिंगला न्यावी लागते. त्याआधी नोझल आणि पंप बेंचवर तपासून घ्या, टॅपेट सेट करा, एअर फिल्टर साफ करा. नीट लावलेली एक्सडीपी चढावरही डोळ्यांना दिसेल असा धूर सोडत नाही. ज्या जीपचा धूर एवढं करूनही थांबत नाही तिचं इंजिन उघडण्याची वेळ खरोखर आली आहे, आणि तेव्हा पैसे वाचवू नयेत.

अशी एखादी जीप तुमच्या वाड्यात, शेतावर किंवा गोठ्याच्या मागे उभी असेल तर यंदा मे महिन्यात एक रविवार तिच्यासाठी काढा. ब्रीदरच्या टोप्या उघडून साफ करा, अ‍ॅक्सलचं ऑइल पाहा, प्रत्येक निपलला ग्रीस मारा, अर्थची पट्टी काढून घासून लावा. आणि ती बरेच दिवस सुरू होत नसेल तर कुणालाही हेड उतरवू देण्याआधी टाकी आणि फिल्टरच्या मध्ये हातभर पारदर्शक नळी लावून एक रात्र थांबा.